सतरा नंबरची गोळी

१

आमच्याकडे कुठली गोळी वापरायची हे मी ठरवायची, ग्रोव्हर नाही. लोकांना याचं हसू यायचं. बंदूक त्याची, नेम त्याचा, सकाळची थंडी त्याच्या हाडांत शिरणारी, आणि ठरवणारी मी, जिनं आयुष्यात एकही कायोटी मारला नाही. पण गोळीनं आत जाऊन काय केलं, हे बघणारी मीच होते.

ग्रोव्हर केसेल माझा थोरला भाऊ. त्यानं लग्न केलं नाही. माझा नवरा गेल्यावर मी माहेरच्या घरी परत आले आणि तिथंच राहिले. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात सगळ्या शेजाऱ्यांच्या मेंढ्या, आणि मेंढ्या म्हटलं की कायोटी आलेच. कोल्ह्याहून मोठं, लांडग्याहून लहान जनावर. वसंतात कोकरं पळवतं, आणि हिवाळ्यात त्याच्या अंगावर इतकी दाट लव येते की त्या कातड्याची कॉलर शहरातल्या बायका मिरवतात. ग्रोव्हर मारायचा, मी सोलायची, खरवडायची, भोकं शिवायची, फळीवर ताणून वाळवायची.

सगळी गोम त्या भोकांत. बावीस नंबरची जड गोळी पुढून वाटाण्याएवढी आत जाते आणि मागून बशीएवढं भोक पाडून निघते. मग मी तासभर शिवत बसायची. पूर्ण तांब्यात मढवलेली गोळी आरपार जाते, भोक बारीक राहतं, पण जनावर मैलभर पळतं आणि कुठल्यातरी घळीत जाऊन मरतं. सतरा नंबरची, बावीसहून बारीक, जेमतेम पंचवीस ग्रेन वजनाची, पोकळ टोकाची गोळी मात्र वेगळी. काडीच्या गुलाएवढी जागा करून आत शिरते आणि आतच तिचा भुगा होतो. बाहेर काही येत नाही. खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटते आणि कातड्याची चाळण होते. म्हणून जनावर आडवं उभं असताना, खांद्याच्या मागं चार बोटं.

फक्त सतराच्या बाबतीत त्यानं माझं ऐकलं नव्हतं. चार वर्षं मी ग्रोव्हरला म्हणत होते की सतरा घे. तो म्हणायचा, "तिनं मांजर मरणार नाही." आणि एका नोव्हेंबरच्या शेवटी, मी काही न म्हणता, त्यानं बावीसची बंदूक कपाटात ठेवली आणि सतराची विकत आणली.

मला वाटलं, शेवटी ऐकलं म्हाताऱ्यानं.

त्यानंतर रोज अकराच्या सुमाराला त्याची गाडी अंगणात यायची आणि जनावर शेडमधल्या टेबलावर टाकताना तो एकच विचारायचा, "मागं भोक आहे का, बघ."

पुढच्या भोकाबद्दल त्यानं कधीच विचारलं नाही.

२

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यानं एक मादी आणली. फिकट करडी, मानेवर दाट लव, कातडं पहिल्या प्रतीचं. मी मागच्या पायांशी चीर दिली आणि मोजा उलटा करावा तसं कातडं ओढायला घेतलं.

एरवी या कामाला जोर लागतो. एका हातानं ओढायचं, दुसऱ्या हातानं सुरी चालवून पापुद्रा तोडत जायचं. हे कातडं सहज आलं. सुरी लागलीच नाही. जणू ते एकदा निघालेलंच होतं.

उलटं झालेलं कातडं मी दिव्याखाली धरलं. डाव्या कुशीवर, मांसाकडच्या बाजूला, वीतभर शिवण होती.

बारीक, तिरका टाका. शेवटी गाठ नाही, तीन टाके मागं फिरवून दोरा मोकळा सोडलेला. आणि दोरा तपकिरी, बुटांचा. डिसेंबरच्या सुरुवातीला माझा पांढरा दोरा संपला होता. तेव्हा नोव्हेंबरातलं, बावीसनं फाडलेलं एक कातडं उरलं होतं. ते मी बुटांच्या दोऱ्यानं शिवलं. एकच.

मी सुरी खाली ठेवली आणि जाऊन शेगडीत लाकूड घातलं, गरज नसताना. मग परत येऊन पाहिलं. टाका माझाच होता. आपलं अक्षर आपल्याला ओळखू येतं, तसा.

ग्रोव्हर बाहेर बर्फ झटकत होता. त्याला आत बोलावलं.

"हे बघ."

त्यानं पाहिलं. "तू शिवलंस."

"कधी? आत्ता सोललंय मी हिला."

"म्हातारे, आजवर शेकडो कातडी शिवलीस. कधी काय शिवलंस याचा तुला तरी पत्ता असतो का?"

"ही उभी होती ना तुझ्यासमोर? चालत आली ना?"

"चालत आली," तो म्हणाला. "मागं भोक आहे का?"

"नाही."

"मग झालं तर," असं म्हणून तो जेवायला गेला.

३

मी देवभोळी बाई नाही. मी दुपारभर विचार केला. कुणीतरी जखमी पिल्लू पाळलं असेल, शिवलं असेल, सोडून दिलं असेल. बुटांचा दोरा कुठल्याही घरात असतो. तिरका टाका आमच्या आईचा, आणि आईनं तो निम्म्या तालुक्याला शिकवला होता.

एवढं सगळं पटलं. एक गोष्ट पटेना. टाका आतून होता. दोऱ्याची सुरुवात आत, शेवट आत. मी एका टाकाऊ तुकड्यावर लव माझ्याकडे ठेवून तसं शिवून पाहिलं. होत नाही. कातडं जनावराच्या अंगावर असताना ती शिवण घालताच येत नाही. ते आधी काढावं लागतं.

दोन दिवसांनी आमुन्सन आला. कातडी गोळा करणारा, दर सहा आठवड्यांनी येणारा, जाड भुवयांचा बोलघेवडा माणूस. कॉफी पिता पिता त्यानं मला चिडवलं, "इर्माबाई, मागल्या खेपेला तुम्ही एकतीस म्हणालात आणि मला मिळाली एकोणतीस. हिशेब मला शिकवता का कायोटींना?"

मी हसले. डिसेंबरात मला वाटलं होतं की आपलीच मोजण्यात चूक झाली.

ती मादी मी त्याला शेवटी दाखवली. त्यानं कातडं उलटं केलं, शिवण पाहिली, म्हणाला, "तुमचं काम. झकास आहे." मग त्याचा अंगठा कडेकडेनं सरकत गेला आणि मागच्या पायाशी थांबला. तो उठून खिडकीपाशी गेला. उजेडात त्यानं शेपटीचं बूड पाहिलं, दुसरा पाय पाहिला, नाकाचं टोक पाहिलं.

"हे तुम्ही फळीवर कधी ठोकलं?"

"अजून ठोकलं नाही. ओलंच आहे ते."

"खिळ्यांची भोकं आहेत," तो म्हणाला. "दोन्ही पायांना, शेपटीला, नाकाला. सुकून कडक झालेली."

मी जवळ गेले. होती.

त्यानं कातडं घडी घालून टेबलावर ठेवलं आणि हात पँटला पुसले. बाकीची सगळी गाडीत भरली. मी विचारलं, "आणि हे?"

"ते राहू द्या."

"का? पहिल्या प्रतीचं आहे."

"आहे," आमुन्सन म्हणाला. "राहू द्या, बाई." आणि कॉफीचा दुसरा कप न घेता तो गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

४

पुढच्या दहा दिवसांत ग्रोव्हरनं पाच आणले. त्यातले तीन तसेच होते. शिवण सगळ्यांना नव्हती, पण खिळ्यांची भोकं तिघांनाही होती, आणि कातडं तिघांचंही हातमोज्यासारखं निघालं.

मी आत शोधायला लागले. सतराची गोळी आत फुटते तेव्हा छातीत तांब्याचे कण सापडतात, फुप्फुसाचा लगदा होतो. या तिघांच्या छातीत काही नव्हतं. गोळी आत गेलेली दिसत होती, बाहेर आली नव्हती, आणि आत नव्हती. रक्त चमचाभर. मी चिमट्यानं बरगड्यांच्या मधून मधून शोधलं आणि मग एकाएकी मला ते धड जवळून बघवेना. का, ते सांगता येत नाही. बरगड्या बरगड्यांच्या जागी होत्या. मी ते, आधीच्या दोघांसारखंच, पोत्यात गुंडाळलं आणि नेहमीसारखं शेडच्या मागच्या ढिगावर टाकलं.

त्या ढिगावर हिवाळाभर पक्षी असतात. काळेपांढरे मॅगपाय, कधी गरुड. दुपारपर्यंत नुसती हाडं उरतात. त्या दिवशी पक्षी कुंपणावर रांगेनं बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता. त्यांचा आवाजही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी गेले तर जुनी हाडं होती तशीच होती. पोती होती, तिन्ही रिकामी. धडं नव्हती.

जेवताना मी ग्रोव्हरला विचारलं, "येतात कसे रे हे? तू शिट्टी वाजवल्यावर?"

त्याची लाकडी शिट्टी जखमी सशासारखी रडते. कायोटी असा आवाज ऐकला की लांबून वळसा घालतो, वाऱ्याच्या खालच्या अंगानं वास घेत येतो. अर्धा तास लागतो.

"सरळ येतात," तो म्हणाला. त्यानं काटा खाली ठेवला. "वळसा घालत नाहीत. समोर येतात, दीडशे पावलांवर थांबतात आणि बसतात."

"बसतात?"

"आडवे. कूस माझ्याकडे करून. पुढचा पाय थोडा पुढं घेऊन." त्यानं स्वतःच्या बरगडीवर, काखेच्या मागं, चार बोटं ठेवली. "ही जागा मोकळी करून."

शेगडीत लाकूड तडकलं. मी म्हटलं, "उद्यापासून बंद कर."

"बंद करून चालणार नाही."

"मेंढ्या आपल्या नाहीत, ग्रोव्हर."

"मेंढ्यांचं कोण बोलतंय," तो म्हणाला, आणि ताट सरकवून काडतुसं भरायला बसला. पंचवीस ग्रेनची गोळी त्यानं पुन्हा डब्यात टाकली. आता त्याला वीस ग्रेनची हवी होती. मी म्हटलं, ती बरगडीवरच फुटेल, कातडं वाया जाईल. "जाऊ दे," तो म्हणाला. एवढी वर्षं कातड्यासाठी जीव टाकणारा माझा भाऊ म्हणाला, जाऊ दे.

५

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. तो नको म्हणाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

लख्ख दिवस होता. ऊन बर्फावरून उसळून डोळ्यांत घुसत होतं, वारा नव्हता. आम्ही एका उतारावर, सेजच्या झुडपांत पांढरी चादर पांघरून बसलो. ग्रोव्हरनं बंदूक तिकाटण्यावर ठेवली आणि शिट्टी ओठांना लावली. ससा रडायला लागला. मी दुर्बीण घेऊन समोरची टेकडी बघत होते.

दोन मिनिटं झाली नसतील. टेकडीवरून एक कायोटी उतरला. सरळ, घाई न करता. चाल बरोबर होती, म्हणजे जवळजवळ बरोबर. मागचे पाय पडत होते, पण कातडं त्यांच्याबरोबर वळत नव्हतं. थोरल्या भावाचा सदरा घातलेलं पोर चालावं, तसं ते अंगावर मागं-पुढं सरकत होतं.

तो थांबला. वळला. कूस आमच्याकडे करून बसला आणि पुढचा पाय थोडा पुढं घेतला.

ग्रोव्हरनं शिट्टी खाली ठेवली. ससा थांबला.

मी दुर्बिणीचं चाक फिरवलं. लव स्पष्ट झाली, तिच्यावरचं दहिवर स्पष्ट झालं. डोळ्यांच्या जागी सावली होती. मागच्या पायांच्या मध्ये, जिथं मी पहिली चीर देते, तिथं कातड्याची कड उघडी होती. आणि मी बघत असताना ती कड आत ओढली गेली. थंडीत आपण अंगावरची शाल पुढं ओढून घेतो, तशी. ती ओढणारं जे होतं ते फिकट होतं, आणि चार होतं, आणि कडेवरून आत गेलं.

बोटं, असं मी म्हणणार नाही. मला दुसरा शब्द सापडलेला नाही, एवढंच.

ग्रोव्हरचं बोट घोड्यावर गेलं. मी बंदुकीच्या नळीवर हात ठेवला. "नको."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तुलाही दिसलं."

६

आम्ही उठलो आणि गाडीकडे चालत निघालो. मागं वळून बघितलं नाही. चालता चालता तो बोलला, बुटांकडे बघत.

"नोव्हेंबरात बावीसनं एकाला मारलं. मागून मोठं भोक पडलं, नेहमीचं. मी जवळ जात होतो. तेवढ्यात ते भोक आणखी मोठं झालं."

"आपोआप?"

"आतून." त्यानं बंदूक दुसऱ्या खांद्यावर घेतली. "कातडं तिथं पडलं. बाकीचं उठलं."

"बाकीचं म्हणजे काय?"

"नको विचारूस, इर्मा. ते आपल्या शेडकडे गेलं. मी कुणाला काय सांगणार होतो? पडलेलं कातडं उचलून आणलं आणि तुला शिवायला दिलं."

तेच तपकिरी दोऱ्याचं. आमुन्सनला कमी पडलेल्या दोनांतलं एक.

"म्हणून सतरा," मी म्हटलं.

"बाहेर यायला वाट राहिली नाही तर आतच मरेल, असं मला वाटलं. म्हणून आणखी लहान, आणखी लहान. आणि एक मारलं की तीन-चार दिवस बाकीची लांब राहायची. नाही मारलं तर कुंपणाशी येऊन बसायची. तू आत चुलीपाशी असायचीस. तुला दिसू नये म्हणून मी रोज जात होतो."

आता त्याला सांगावंच लागलं. ढिगावर धडं राहत नाहीत, पोती रिकामी असतात. सांगितल्यावर तो गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला आणि मी पहिल्यांदा पाहिलं की माझा भाऊ म्हातारा झालाय. कातडं सोलताना चीर देणारी मीच होते, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. मीही नाही. दोन महिने तो वाट बुजवत होता आणि मी ती रोज उघडून देत होते.

दुपारी आम्ही शेड पेटवलं. फळ्या, शिवलेली-न शिवलेली सहा कातडी, टेबल, आईच्या सुया, सगळं. डिझेलचे दोन डबे ओतले. कातडी जळताना वास येतो तसाच आला. आतून कसलाही आवाज आला नाही, मी कान देऊन ऐकत होते. तीनच्या सुमाराला छप्पर खाली बसलं. ग्रोव्हर फावडं टेकून म्हणाला, "आता घालायला काही नाही त्यांना." इतक्या दिवसांनी त्याच्या आवाजात हलकेपणा होता. आम्ही अंडी तळून खाल्ली आणि लवकर झोपलो.

७

सकाळी नऊ वाजता मी लाकडं आणायला पडवीत गेले. पडवीच्या खुंटीवर ग्रोव्हरचा कोट असतो, जाड कॅनव्हासचा, आत लोकर लावलेला. खुंटी रिकामी होती. खालचे बूट नव्हते. कानटोपी नव्हती.

मी स्वयंपाकघरात आले. ग्रोव्हर टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होता, अंगात नुसता सदरा. मी विचारलं, "कोट कुठं ठेवलास?"

"खुंटीवर."

मी खिडकीकडे वळले. तो उठून खिडकीपाशी आला आणि आम्ही दोघं उभे राहिलो.

रस्त्याच्या फाटकाशी, दोनशे पावलांवर, बर्फात कुणीतरी बसलं होतं. कोट घातलेलं, टोपी घातलेलं. आमच्याकडे पाठ नव्हती, तोंडही नव्हतं. आडवं बसलं होतं. एक हात थोडा पुढं घेऊन.

"माणूस असेल," मी म्हटलं. "कुणाची गाडी अडकली असेल."

ग्रोव्हर म्हणाला, "असेल."

त्यानं बंदुकीकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि मला तेव्हा कळलं की कुठली गोळी, हे आता मला ठरवता येणार नाही. माणूस असला तर कुठलीच नको. नसला तरी कुठलीच नको.

एका तासात आम्ही दोन पेट्या भरल्या, चूल विझवली, बंदूक तशीच कोपऱ्यात ठेवली आणि गाडीत बसलो. घरातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे, आणि तो फाटकातून जातो. ग्रोव्हरच्या बाजूनं ते पाच हातांवर असणार होतं. मी मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले. तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोट दिसलाच. गळ्यापर्यंत सगळी बटणं नीट लावलेली होती. त्याच्या वर मी पाहिलं नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, मोठ्या रस्त्याला लागली. अकरा मैलांवर धान्याची कोठारं येतात, तिथवर मी वाट पाहिली आणि मग विचारलं, "तू पाहिलंस?"

"हो."

"काय केलं त्यानं?"

त्या रस्त्यावर कुणीही कुणाला भेटलं की हात वर करतं. ओळख असो-नसो. लहानपणापासून आम्ही तेच करत आलोय, चाकावरचा हात नुसता थोडा उचलायचा.

"हात केला," ग्रोव्हर म्हणाला.

मी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही चाकावर घट्ट होते, बोटांची पेरं पांढरी.

"आणि तू?"

"मीही केला," तो म्हणाला. "सवयीनं."